एकाच झाडाच्या रांगा

दोन वर्षांपूर्वी पावसाळा लांबला. दिवाळी होऊन गेली तरी आभाळ निवळत नव्हतं. त्याच दिवसांत बीड जिल्ह्यातल्या चाळीसेक शाळांसमोरची विद्येची झाडं आतून तांबडी पडू लागली आणि पुढच्या उन्हाळ्यात ती मेली. ही सगळी झाडं एका माणसाने लावली होती. ज्ञानोबा तांदळे, वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, राहणार बीड.

विद्येचं झाड म्हणजे ज्याला काही ठिकाणी मोरपंखी म्हणतात ते. चपटी, जाळीदार, पंख्यासारखी पालवी. त्याची डहाळी पुस्तकात ठेवली की अभ्यास येतो, असं शाळेतली मुलं मानतात. तांदळे सर मुलांना ती ठेवू देत. "पुस्तकात ठेवल्यानं विद्या येत न्हाई," ते म्हणत, "पर ठेवायच्या निमित्तानं पुस्तक उघडतंय, तेवढं बास." हे झाड चीड-देवदाराच्या गोतावळ्यातलं. त्याला फुलं येत नाहीत, बोराएवढे शंकू येतात. नीट जगलं तर हजार वर्षं जगतं, असं सर सांगत, आणि हजार म्हणताना चष्मा काढून हातात घेत.

मी त्यांच्या वर्गात अकरावी-बारावीला होतो. पुढे जिल्ह्याच्या एका वर्तमानपत्रात बातमीदार झालो. इथे लिहिलेलं बरंचसं मी पाहिलेलं आहे. उरलेलं ज्यांनी पाहिलं त्यांच्याकडून तपासून घेतलं आहे.

सर ठेंगणे होते. अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट, गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं भिंग. खिशात पेनाशेजारी नेहमी दोन-चार शंकू असत, त्यामुळे ते वाकले की खिसा खुळखुळायचा. वर्गात पुस्तकी मराठी बोलायचा त्यांचा आग्रह असे. पण विषयात रंगले किंवा चिडले की शिरूर कासारकडचं घरचं बोलणं तोंडात यायचं. मुलं त्यावरून ताडत, की आता सर खरं बोलतायत.

उत्क्रांतीचा धडा ते पुस्तकातून शिकवत नसत. तास सुरू झाला की सगळ्यांना उभं करत आणि जाहीर करत, "आज दुष्काळ उंचीवर आलाय. खिडकीच्या मधल्या गजाच्या वर ज्याचं डोकं जातं ते मेले. बसा खाली." मेलेली मुलं खूश होऊन बसत, कारण प्रश्न फक्त जिवंतांना विचारले जात. दुसऱ्या दिवशी दुष्काळ कुरळ्या केसांवर येई. तिसऱ्या दिवशी डावखुऱ्यांवर. सर दारात दिसले की मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडायचं, "सर, आज कुणाचा नंबर?"

"तुझा बे," सर म्हणायचे. "तू एकटा मेलास तर वर्गाला काही फरक पडत न्हाई, ते दाखवतो."

हसणं थांबलं की ते खडू खाली ठेवत. "दुष्काळ कशावर येणार ते आधी कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून घरात सगळ्या तऱ्हेची माणसं लागतात. सगळेच उंच असले आणि दुष्काळ उंचीवर आला, की त्या घराला कुलूप. गवताचं बरं असतं, दरसाल नवी पिढी. पण हे बाहेरचं विद्येचं झाड बघा. ते हजार वर्षं एका जागी उभं राहणार. त्याला पळता येत नाही, बदलता येत नाही. मग ते काय करतं? दरसाल शेकडो शंकू टाकतं. वाऱ्यावर कुठलं कुठलं परागांचं पिवळं पीठ येऊन पडतं, म्हणून प्रत्येक बी वेगळं. त्यातली बहुतेक मरतात. मरू द्या. म्हातारं झाड स्वतः बदलत नाही, वेगवेगळी पोरं उभी करून ठेवतं."

याला जोडून ते बालाघाटावरच्या सीताफळांचं उदाहरण देत. बांधावरच्या एका झाडाचं फळ साखरेसारखं, शेजारच्याचं पचपचीत, आणि दोन्ही एकाच झाडाच्या बियांची. हे शेतकऱ्याच्या मुलांना सांगावं लागत नसे. कोय लावली तर आंबा आईवर जाईलच असं नाही, आणि कलम लावलं तर तो आईच असतो, हे सगळ्यांना घरून माहीत होतं. सरांचं पालुपद एकच: "फरक ठेवा रे." कॉलेजात त्यांचं नाव 'फरक सर' पडलं होतं. ते त्यांना माहीत होतं आणि आवडत होतं.

कॉलेजच्या गेटवर विद्येची दोन झाडं होती. डाव्या हाताचं वाकडं, शेंड्याला दुभंगलेलं, मध्येच विरळ. उजव्या हाताचं समईच्या ज्योतीसारखं: तळाशी भरदार, वर निमुळतं, कातरी न लावता कातरल्यासारखं. येणारा-जाणारा त्याच्यापाशी थांबायचा. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी यायची. शाळांचे मुख्याध्यापक कामानिमित्त बीडला आले की सरांना म्हणायचे, "सर, आमच्या शाळेला बी असली दोन-चार द्या की."

सुरुवातीला सरांनी बियांपासून केलेली रोपं दिली. परळी तालुक्यात, धर्मापुरीच्या अलीकडच्या एका गावच्या शाळेसमोर त्यांनी पहिली रांग लावली. चार वर्षांत ती जशी यायची तशी आली. एक उंच, एक बुटकं, एक फताडं, एक बारा महिने पिवळट. मुख्याध्यापक गुरुजी शिस्तीचे होते. सर पाहायला गेले तेव्हा ते रांगेसमोर उभे राहून म्हणाले, "सर, कवायतीला पोरं उभी केल्यावानी पाहिजे हो. ही तर जत्रंला आल्यावानी उभी हायत."

शेजारी उभे असलेले मास्तर हसले. सरही हसले. हे त्यांनी मला अनेक वर्षांनी सांगितलं, आणि हसण्याचा उल्लेख दोनदा केला.

पुढच्या पावसाळ्यात सर पुन्हा त्या गावी गेले ते उजव्या हाताच्या झाडाचे, दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत मुळं फुटलेले फाटे घेऊन. समोरची जत्रा त्यांनी स्वतः उपटली. ती टाकून द्यायला हात होईना, म्हणून मुळाशी मातीचे गड्डे धरून काढली आणि शाळेमागे, मुतारीच्या वाटेवर भिंतीकडेला लावून दिली. समोर एकाच उंचीची, एकाच हिरव्या रंगाची रांग आली. गुरुजींनी सरांना शाल पांघरली. ती त्यांची पहिली शाल.

त्यानंतर वीस-बावीस वर्षं सरांनी तेच केलं. दर पावसाळ्यात घरामागच्या पडवीत पिशव्या मांडायच्या, गेटवरच्या उजव्या झाडाचे फाटे छाटून खोचायचे, मुळं फुटली की एसटीच्या टपावर टाकून शाळांत न्यायचे. भाषण ठरलेलं असे: "हे झाड तुमच्या पणतवंडांच्या शाळेतसुद्धा उभं असेल." त्या काळात जिल्ह्यात कुठेही, अगदी आडगावच्या शाळेसमोरून एसटी गेली, तरी तीच ज्योत दिसायची. सर कंडक्टरच्या मागच्या डाव्या खिडकीत बसत, कारण बहुतेक शाळा त्या बाजूला येत.

आमच्या वर्गात वर्षा नावाची मुलगी होती. शिरूर कासार तालुक्यातली. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, ती वसतिगृहात राहायची. फारशी बोलायची नाही. एका तासाला सर 'फरक ठेवा' म्हणून थांबले आणि ती उभी राहिली.

"सर, गेटवरल्या झाडाचे फाटे सगळ्या शाळेत लावले, तर मग ती सगळी मिळून एकच झाड झालं का?"

सरांचा चेहरा उजळला. प्रश्न त्यांना फार आवडला. "एकच झाड," ते म्हणाले. "बरोबर बोललीस. जिल्हाभर उभं असलेलं एकच झाड."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. वर्षा खाली बसली. तास पुढे चालू राहिला. त्या दिवशी दुष्काळ चष्मेवाल्यांवर आला होता.

झाडं मरू लागली तेव्हा सर निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. फाटे लावायचं काम कॉलेज चालवणाऱ्या शिक्षणसंस्थेच्या रोपवाटिकेने उचललं होतं. पहिला फोन माजलगावकडच्या एका शाळेतून आला: झाडं आतून तांबडी पडतायत, खोडातून डिंक गळतोय. सरांनी पाणी कमी करायला सांगितलं. दुसरा फोन केजहून आला, तिसरा आष्टीहून. मग ते फोन मोजेनात. त्यांचा एक जुना विद्यार्थी कृषी महाविद्यालयात होता. त्याने डहाळ्या नेऊन तपासल्या आणि घरी येऊन सांगितलं, "बुरशी आहे सर. सगळीकडं एकच. आणि झाडं पण सगळीकडं एकच वाटतायत."

"वाटत न्हाईत," सर म्हणाले. "हायत."

विद्यार्थी चहा न घेता उठला, असं काकू सांगतात. काकू म्हणजे सरांच्या पत्नी, शांताबाई. सरांना त्यांच्याइतकं स्पष्ट कुणी बोलत नसे.

त्या दिवसापासून सरांच्या सवयी बदलल्या. कॉलेजच्या समोरून जाणारा रस्ता त्यांनी सोडला. बाजारात जायला मागची गल्ली धरली, जी गटारामुळे लांब पडते. एसटीत ते उजव्या बाजूला बसू लागले. गळ्यातलं भिंग काढून खुंटीला अडकवलं. गेटवरचं मूळ झाड मात्र हिरवंच होतं. भेटलेले लोक आनंदाने सांगायचे, "सर, तुमचं गेटवरलं वाचलं बरं का." सरांचं उत्तर ठरलेलं असे: "वाचलं न्हाई. त्याची पाळी आली न्हाई अजून."

त्यांनी मला घरी बोलावलं आणि बातमी लिहायला सांगितली. वाक्य त्यांनी स्वतः दिलं: 'ही झाडे एकाच झाडाचे फाटे होती; तसे करणे चूक आहे हे माहीत असूनही मी ते केले.' मी ते तसंच पाठवलं. दुसऱ्या दिवशी छापून आलं ते असं, की अति पावसाने बुरशी वाढली आणि वृक्षप्रेमी तांदळे सर यांनी हळहळ व्यक्त केली. सरांचं वाक्य नव्हतं. मुख्य उपसंपादकाला विचारलं तर तो म्हणाला, "मान्यवर माणूस स्वतःची बदनामी करतोय म्हणून आपण छापायची का?" सर कात्रण घेऊन कार्यालयात आले. भांडले नाहीत. कात्रण टेबलावर ठेवून म्हणाले, "ह्यात माझं नाव चुकीच्या जागी पडलंय," आणि जिना उतरून गेले.

मग त्यांनी ठरवलं, की ज्या शाळांत झाडं लावली तिथे जायचं आणि तोंडाने सांगायचं. इथे एक अडचण होती, जी त्यांनी धरली नव्हती. आपल्याकडे निवृत्त प्राध्यापक शाळेत आला, की मुख्याध्यापक आधी शिपायाला शाल-नारळ आणायला पिटाळतो. पाहुणा कशासाठी आला हे नंतर विचारलं जातं. सर ऑफिसात बसून सांगू लागत, "गुरुजी, ही झाडं माझ्यामुळं मेली," तोवर शाल खांद्यावर पडलेली असे आणि फोटो निघालेला असे. गुरुजी म्हणत, "तुमी कावून मनाला लावून घेता सर? वरच्याच्या मनात आलं." मुलं टाळ्या वाजवत.

"माफी मागायला जातेत आन शाली घिऊन येतेत," काकू म्हणायच्या. "आता मोंढ्यात शालीचं दुकान टाका."

"तू गप बस."

"मी गप बसते. तुमाला झाडाची लाज वाटती. मला ह्या ढिगाची वाटती. कुठं ठिवू?"

शाली पलंगाखालच्या पेटीत जात होत्या. सर त्यातली एकही वापरत नव्हते आणि कुणाला देतही नव्हते.

गेल्या जूनमध्ये परळी तालुक्यातल्या त्या पहिल्या शाळेत कार्यक्रम ठरला. संस्थेचे अध्यक्ष आण्णा स्वतः येणार होते. आण्णा म्हणजे त्या भागातले मोठे जमीनदार, राजकारणातले, मनाने दिलदार. मेलेल्या सगळ्या रांगा पुन्हा उभ्या करायच्या असं त्यांनी मनावर घेतलं होतं, संस्थेच्या खर्चाने आणि सरांच्या नावाने. रोपं तयार होती: संस्थेच्या रोपवाटिकेत, गेटवरच्या उजव्या झाडाच्या फाट्यांची. सरांना हे आमंत्रणपत्रिका हातात पडली तेव्हा कळलं. एसटीत ते मला एवढंच म्हणाले, "आज थांबवलं न्हाई तर पुन्हा तेच झाड जिल्हाभर. ह्या खेपेला माझं नाव लावून."

शाळेसमोरची रांग मेलेली होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच उंचीचे, एकाच आकाराचे तांबडे सांगाडे. ते काढून टाकायची मंडळींना घाई होती, कारण मंडप तिथेच घालायचा होता. सरांनी तिकडे पाहिलं नाही. मुतारी कुठे हे त्यांना विचारावं लागलं नाही. ते मागे गेले.

बराच वेळ झाला तरी येईनात, म्हणून शिपाई गेला. त्याच्यामागे मी गेलो. सर भिंतीपाशी उभे होते. पंचवीसेक वर्षांपूर्वी त्यांनी उपटून इथे आणून लावलेली जत्रा त्यांच्यासमोर उभी होती. पाण्याचा थेंब कुणी घातला नव्हता. जे काही मिळालं ते मुतारीचं. दोन झाडं मेली होती. तिसऱ्याची एक बाजू तांबडी पडून तिथेच थांबली होती. फताड्यावर डिंकाचा सुकलेला डाग होता, पण पालवी शाबूत. आणि ते पिवळट, ज्याला मास्तर सगळ्यात जास्त हसले होते, त्याच्यावर डाग म्हणून नव्हता. समोरच्या रांगेपासून ते एका भिंतीच्या अंतरावर होतं.

"सर, बरं हाय ना?" शिपायाने विचारलं.

सरांचा हात गळ्याशी गेला. भिंग तिथे नव्हतं. मग त्यांनी चष्मा काढला आणि पिवळट झाडाच्या खोडाला डोळा लावून पाहिलं.

मंचावर शाल पांघरून झाल्यावर सरांनी माइक मागून घेतला. नेहमीचं पुस्तकी मराठी त्यांनी वापरलं नाही.

"ही झाडं बुरशीनं मेली न्हाईत," ते म्हणाले. "माझ्यामुळं मेली. मी एकच झाड सगळीकडं लावलं. मला ठाऊक न्हवतं असं न्हाई. तीस वर्षं पोरांना हेच शिकवलं, की असं करू नये. आन बाहेर येऊन तेच केलं, कारण दिसायला चांगलं दिसत होतं. आता पुन्हा तेच फाटे लावू नका. मुतारीमागं या, मी दाखवतो."

मुतारी म्हटल्यावर मुलं हसली. आण्णा उठून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. ते खोटं नव्हतं. माइक जवळ ओढून म्हणाले, "बगा पोराहो. मोठा माणूस कसा असतो ते बगून घ्या. सगळा दोष सोताच्या अंगावर घेतोय."

टाळ्या झाल्या. पुष्कळ वेळ झाल्या. सर माइकपाशी तसेच उभे होते, आणि टाळ्या थांबायची वाट पाहत असावेत असं वाटलं. पण त्या थांबल्यावर ते माइक सोडून खुर्चीत जाऊन बसले.

जेवणानंतर त्यांनी आण्णांना मागे नेलंच. आण्णा नाकाला रुमाल लावून उभे राहिले. "सर, तुमचा मान हाय म्हणून आलो. पर मुतारीमागं काय दावताय मला? फोटू कुठं काढायचा?"

"ही जगलीत आण्णा. समोरची न्हाई जगली."

"जगलीत, कबूल. पर एक वाकडं, एक पिवळं. असली लावली तर लोक म्हणतेल, आण्णानं सरांच्या नावावर सस्त्यात उरकलं."

"वाकडी हायत म्हणून तर…"

"तुमी थकलात सर," आण्णा मायेने म्हणाले. "गाडीतून सोडू का बीडला?"

सरांनी नको म्हटलं. परत येताना एसटीत ते उजव्या बाजूला बसले. बीडला उतरले तेव्हा कंडक्टर दारातून ओरडला, "ओ सर, शाल ऱ्हायली तुमची!"

"राहू द्या."

"आवो, नारळ बी हाय!"

"फोडा आन वाटा," सर म्हणाले आणि मागच्या गल्लीला लागले.

जुलैत संस्थेची रोपं सगळीकडे लागली. प्रत्येक शाळेसमोर सरांच्या नावाची पाटी आली. सरांनी आण्णांना दोन वेळा भेटायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा चहा मिळाला आणि आण्णांनी पाया पडून विषय बदलला.

ऑक्टोबरात शंकू पिकले तसे सर पुन्हा बाहेर पडू लागले. आता ते शाळांत जात नव्हते. बीडच्या कोर्टाच्या आवारातलं एक जुनं विद्येचं झाड, एका दर्ग्यातलं, निजामाच्या काळातल्या एका विश्रामगृहामागचं, कॉलेजच्या गेटवरचं डावीकडचं, आणि मुतारीमागची जगलेली. मुतारीमागची सोडली तर ही झाडं कुणी लावली ते कुणाला माहीत नव्हतं, पण प्रत्येक वेगळं होतं. सरांच्या शर्टाला दोन खिसे असत, ते पुरेनात. काकूंनी आतून तिसरा शिवला. कुणी विचारलं तर ते एकेक शंकू काढून दाखवत: "हे कोर्टातलं. हे दर्ग्यातलं." भिंग पुन्हा गळ्यात आलं होतं.

बी लावायला त्यांना एक शाळा हवी होती. संस्थेच्या शाळांत सोय नव्हती. शिरूर कासार तालुक्यातल्या एका सरकारी शाळेची मुख्याध्यापिका तयार झाली. तीच वर्षा. नोव्हेंबरात आम्ही दोघे तिथे गेलो तेव्हा ऊसतोडीच्या गाड्या निघून गेल्या होत्या. गावात कुलपं दिसत होती आणि वर्गात निम्मी मुलं नव्हती. उरलेल्यांनी वाफा खणून ठेवला होता.

सरांनी ऑफिसात बसल्याबसल्या तिला तिचा प्रश्न सांगितला. गेटवरल्या झाडाचे फाटे सगळ्या शाळेत लावले तर.

वर्षा मॅडमनी डोकं हलवलं. "मला आठवत न्हाई सर."

"मला आठवतंय."

"मग तुमी काय म्हणालतात?"

सरांनी ते सांगितलं. टाळ्यांसकट सांगितलं.

"ठाऊक असून कावून केलं, सर?"

एवढ्या शाळा झाल्या, पण हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच विचारला गेला होता.

"लोक वा वा करीत होते," ते म्हणाले.

मॅडमनी 'जाऊ द्या सर' म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "हे पोरांना सांगू का?"

"सांगा. नाव घेऊन सांगा."

त्यांनी वाफ्यापाशी मुलांना उभं करून सांगितलं, सर शेजारी उभे असताना. कुणी टाळी वाजवली नाही. एका मुलीने विचारलं, "मंग ती सगळी मेली?" सर म्हणाले, "सगळी."

बी पेरताना सरांनी मुलांना एकच अट घातली: "ही सारखी येणार न्हाईत. एखादं खुजं येईल, एखादं पिवळं येईल. तुमाला कुणी हसलं तरी हसू द्या. एक बी उपटायचं न्हाई."

बियांवर माती लोटून झाल्यावर मॅडमनी रिवाजाप्रमाणे शाल-नारळ पुढे केला. सरांनी शालीकडे पाहिलं, मग वाफ्याकडे. "गोणपाट आणायचं विसरलो," ते म्हणाले. "ही टाका वर. ओली राहिली पाहिजे."

मॅडमनी शाल उलगडून वाफ्यावर पसरली. मुलांनी कडेने दगड ठेवले. नारळ फोडून त्यांनाच वाटला. निघायची वेळ झाली तेव्हा सर झारीने शालीवर पाणी शिंपडत होते आणि एसटी येऊन उभी राहिली तरी त्यांचं ते संपलं नव्हतं; कंडक्टरला दोनदा घंटी मारावी लागली. त्या दिवशी मी त्यांना शेवटचं पाहिलं. बीडच्या अलीकडच्या थांब्यावर मी उतरलो तेव्हा त्यांना डुलकी लागली होती.

जानेवारीत तांदळे सर झोपेत गेले. शोकसभा कॉलेजच्या पटांगणात झाली. आण्णा बोलायला उठले आणि रडत खाली बसले. संस्थेने गेटजवळ त्यांच्या स्मरणार्थ एक रोप लावलं, उजव्या झाडाच्या फाट्याचं. काकू आल्या नाहीत. त्यांनी पेटीतल्या शाली शिरूर कासारच्या शाळेला पाठवल्या. सोबत निरोप होता की वाफे वाढवायचे असले तर कामाला येतील.

गेटवरचं मूळ झाड आणि संस्थेने लावलेल्या रांगा आजच्या तारखेला हिरव्या आहेत. यंदाच्या मार्चात वर्षा मॅडमना फोन केला. वाफ्यात रोपं आली आहेत. एकसारखी नाहीत; दोन बरीच खुजी आहेत, एक पिवळं आहे. एकही उपटलेलं नाही.